शेपूट नसलेला बोळा

"मोरी तुंबली की घरात पहिल्यांदा कोण खोटं बोलतं तेवढं बघून ठेवायचं, घाण काय, ती निघतेच."

हे वाक्य तो एकदा एका स्वयंपाकघरात बोलून गेला होता. तेव्हा तो जमिनीवर आडवा पडला होता आणि त्याचा हात कोपरापर्यंत बेसिनखालच्या नळीत होता. ऐकायला त्याचा धाकटा भाऊ होता आणि ज्यांचं बेसिन ते गृहस्थ होते. गृहस्थांनी नुकतंच छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "आमच्या घरात कोणी काही म्हणून टाकत नाही, मिस्तरी. वरच्या मजल्यावरून येत असणार." नळीतून चमचा निघाला. दांड्यावर नक्षी होती आणि तशाच नक्षीचे बाकीचे चमचे वर ओट्यावर उभे होते. गृहस्थ हसले, धाकटा हसला. तो मात्र हसला नाही. त्याने चमचा पुसला आणि त्याच्या भावंडांत नेऊन ठेवला.

त्याचं खरं आडनाव फार थोड्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. लोक त्याला दाखवे म्हणत. नव्याने राहायला आलेल्यांना ते आडनावच वाटे. नाव पडलं ते सवयीवरून. तुंबलेल्या नळीतून जे निघेल ते तो परस्पर फेकत नसे. जुन्या वर्तमानपत्रावर ते नीट पसरायचं, घरातल्या लहानथोरांना हाका मारायच्या आणि म्हणायचं, "या, बघून घ्या. हे तुमचं." साबणाचे लगदे, दात घासायचे ब्रश, खेळण्यातल्या घोड्याचा पाय, बाटल्यांची बुचं. माणसं नाक दाबून यायची आणि डोळे विस्फारून बघायची. आपल्या भिंतींच्या आत आपलंच काहीतरी इतके दिवस अंधारात कुजत पडलं होतं, हे कुणालाच आवडायचं नाही. पण एकदा पाहिलं की वाद मिटायचा. वरच्या मजल्याचं नाव निघायचं नाही.

एका घरात त्याला कानातलं सापडलं होतं. मालकीण टाळ्या पिटत म्हणाली, "अगंबाई, हे इथे होतं होय!" याच कानातल्यापायी तिने घरकाम करणाऱ्या बाईला हाकलून दिलं होतं, ही गोष्ट बोलता बोलता तिच्याच तोंडून निघाली. दाखवेने कानातलं मुठीत धरलं. म्हणाला, "हे सापडलं. ती बाई कुठे राहते?" पत्ता मिळेपर्यंत त्याने मूठ उघडली नाही. मालकिणीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण पत्ता तिला द्यावा लागला. त्या संध्याकाळी तो स्वतः जाऊन त्या बाईला सांगून आला.

असा माणूस. गोड बोलणारा नव्हे. घामाला आणि चिखलाला मिळून जो एक वास येतो तो त्याच्या कपड्यांतून कधी गेला नाही. पण लोक त्याच्या हातात घराची किल्ली देऊन गावाला जात.

त्याची दुसरी रीत बोळ्याची होती. नळी एका ठिकाणी उघडली की तिच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबावा लागतो, म्हणजे आतली घाण हवा वर येत नाही आणि हातातला खिळा-नट खाली घरंगळत नाही. बोळा म्हणजे जुन्या कापडाची घट्ट शिवलेली मूठ. बहुतेक कारागीर हाताला येईल ती चिंधी कोंबतात आणि काम झाल्यावर कधीकधी विसरतातही. विसरलेली चिंधी पाण्याबरोबर आत सरकते, वळणावर अडकते, आणि मग तिच्यावर साबण, तेलकट मळ, केस असं एकेक येऊन बसतं. दाखवेच्या बोळ्यांना शेपूट असे. वीतभर पट्टी शिवलेली, तिचं टोक बाहेर ओढून नळाच्या मानेला बांधायचं. म्हणजे विसरायचं म्हटलं तरी ते डोळ्यांत खुपलंच पाहिजे. धाकट्याला कामाला घेतलं तेव्हा त्याने त्याला पाना धरायला शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं.

बोळे त्याची बायको शिवायची. जुने पडदे, उशांचे अभ्रे, विटलेले सदरे. ती डावखुरी. तिचा टाका इतरांच्या उलट्या बाजूला कलायचा, वाऱ्यात वाकलेल्या गवतासारखा. खिडकीजवळच्या टोपलीत तयार बोळे असायचे. कामावर जाताना तीन-चार उचलायचे, आल्यावर धुऊन वाळवून पुन्हा टोपलीत टाकायचे. त्यांच्या संसारात ती टोपली देव्हाऱ्यासारखी होती म्हटलं तरी चालेल. दोघं दिवसभरात जे थोडं बोलत ते तिच्या आसपास बसूनच.

धाकट्याला त्यानेच वाढवलं. वडील गेले तेव्हा तो इतका लहान होता की त्याला वडिलांचा चेहरा आठवत नाही. चेहरा म्हणून त्याला दाखवेचाच आठवतो. वहिनी घरात आली तेव्हा ती त्याची निम्मी आई झाली, निम्मी मैत्रीण. तो तिची थट्टा करायचा आणि ती त्याला लाटणं दाखवायची. हाताने हुशार, जिभेने त्याहून. गिऱ्हाईक रागावलेलं असलं तरी हा दारातून आत जाईपर्यंत त्याला चहा विचारला जायचा.

मग दाखवेचा गुडघा गेला. उभी हयात ओल्या फरशीवर टेकलेला गुडघा, तो तरी किती दिवस ऐकणार? मोऱ्यांचं काम धाकट्याने अंगावर घेतलं. विजेवर फिरणारी स्प्रिंग आणली. तारेचं ते लांबलचक वेटोळं नळीत घरघरत शिरायचं आणि आतलं सगळं खरवडून आणायचं. दुकानावर पाटी लावली: 'दाखवे बंधू, नळदुरुस्ती आणि तुंबलेल्या मोऱ्या'. टोपणनाव पाटीवर बघून दाखवे ओशाळला. "अरे, हे लोकांनी ठेवलेलं नाव, ते कशाला?" धाकटा म्हणाला, "दादा, खऱ्या नावाला कोण विचारतो? लोक ज्यावर विश्वास ठेवतात ते लिहायचं."

दाखवे दुकानात बसू लागला. नळांचे वॉशर बदलायचे, फ्लशच्या टाकीचे जुने सांगाडे उकलायचे. धाकट्याला पाय जमिनीला लावायला फुरसत नसे. फोन वाजत राहायचा. दाखवेच्या वेळी एक घर झालं की त्या घराकडून वर्षानुवर्षं बोलावणं येत नसे, आता तीच घरं पुन्हा पुन्हा येत होती. दाखवेला ते जाणवलं नाही असं नाही. पण मनातल्या काही खोल्यांत माणूस दिवा लावत नाही. लोक हल्ली निष्काळजी झालेत, तो म्हणायचा. बायको मान हलवायची आणि सुईत दोरा ओवायची.

त्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या घरांतलं एक मोठ्या बाईंचं होतं. मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. निम्मी वस्ती त्यांच्या हातची छडी खाऊन मोठी झालेली. घरात त्या, त्यांचा मुलगा आणि सून. सुनेचे केस कमरेखाली जायचे. मोठ्या बाईंची वरच्या मजल्यावरची न्हाणी सारखी तुंबायची आणि दर वेळी धाकटा ओंजळभर केस बाहेर काढून कागदावर मांडायचा.

एकदा मोठ्या बाई स्वतः दुकानात आल्या. बाकावर बसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचा भाऊ म्हणतो केस. तुम्ही काय म्हणता? तुमच्या शब्दावर मी घरात बोलणार आहे, म्हणून विचारते."

दाखवेच्या हातात नळ होता. वर न बघताच तो म्हणाला, "त्याने दाखवले ना? मग केसच. सूनबाईंना सांगा, लांब केसांचं कौतुक आरशाला असतं, मोरीला नसतं."

मोठ्या बाई पहिल्यांदाच हसल्या. हे वाक्य त्या घरी घेऊन गेल्या. त्या घरात त्याचं पुढे काय झालं हे दाखवेला बऱ्याच दिवसांनी कळलं.

तो दिवस उजाडला तेव्हा धाकटा यंत्राचा सुटा भाग आणायला दुसऱ्या गावाला गेला होता, संध्याकाळपर्यंत येणार होता. मोठ्या बाईंचा फोन आला. न्हाणीतलं पाणी उंबऱ्यावरून खोलीत आलं होतं. "धाकटे नसतील तर तुम्ही या. जिना हळूहळू चढा, पण या."

दाखवेने हाताने फिरवायची आपली जुनी स्प्रिंग खांद्याला अडकवली, पाना घेतला आणि निघाला. बऱ्याच दिवसांनी कुणाच्या तरी मोरीपाशी जायचं होतं. खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटत होतं.

दार सुनेने उघडलं. त्याने तिला ओळखलंच नाही. तिचे केस मानेपाशी कापलेले होते, तेही कुण्या शिकलेल्या हाताने नव्हे. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी.

"केस...?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"कापले," ती म्हणाली. "मोरीला आवडत नव्हते ना."

ती हे हसून म्हणाली असती तर तो विसरूनही गेला असता. ती बाजूला झाली आणि त्याला जिन्याची वाट दाखवली.

मोठ्या बाई वर उभ्या होत्या, पदर खोचून, हातात पुसणं. "बघा, कापले तरी तुंबतेच आहे. म्हणजे केस एकटे नव्हतेच. ही आणखी काहीतरी टाकते. विचारलं की भिंतीकडे बघते. मुलगा म्हणतो वेगळं राहू या. मी म्हटलं राहा खुशाल, पण मोरीत काय टाकतेस ते सांगून जा."

"मी काही टाकत नाही," सून खालच्या पायरीवरून म्हणाली. हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं असावं की त्यात आता आवाजच उरला नव्हता.

दाखवेने ते ऐकलं आणि त्याच्या मनाने सवयीने त्याची नोंद घेतली: घरात पहिलं खोटं बोलणारं माणूस सापडलं.

गुडघ्याखाली पोतं घेऊन तो बसला. जाळी काढली. खालची वाटी रिकामी केली. स्प्रिंग आत सोडली आणि मूठ फिरवू लागला. यंत्राला जे कळत नाही ते हाताला कळतं. वळणावर स्प्रिंग थांबली तेव्हा त्याला वाटलं होतं की मऊ, ओलसर, तुटत जाणारा केसांचा गुंता लागेल. लागलं ते तसं नव्हतं. दाबलं की दबत होतं आणि सोडलं की पुन्हा फुगत होतं. तारेचं टोक त्यात रुतवून तो हळूहळू मागे खेचू लागला. केस आले, आखूड तुकडे, त्यांच्यावर साबणाची साय. आणि त्यांच्या मागोमाग, त्या सगळ्याला पोटाशी धरून, एक कापडाची मूठ आली.

त्याने ती तळहातावर घेतली. पाणी तिच्यातून गळत होतं. अंगठ्याने त्याने वरचा लगदा पुसला.

पिवळ्या पानांचं कापड. त्याच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीला कैक वर्षं हा पडदा होता. आजारपणात कितीदा तरी त्याने पडल्या पडल्या त्या पानांवरून डोळे फिरवले होते. त्याने मूठ उलटी केली. टाके उलट्या बाजूला कललेले होते. शेपूट कापलेलं नव्हतं. तिथे शेपूट कधी शिवलंच नव्हतं. कड सगळीकडून नीट दुमडून घेतलेली होती, काळजीने, सुटू नये म्हणून.

विसरलेल्या बोळ्याला शेपूट असतं. हा विसरलेला नव्हता. हा घरी बसून, उजेडात, हातात सुई घेऊन, यासाठीच शिवलेला होता.

आजूबाजूची न्हाणी तशीच होती: पांढऱ्या फरशा, साबणाची वडी, खुंटीवर टॉवेल. पण भिंतींच्या आतल्या सगळ्या नळ्या त्याला एकदम दिसू लागल्या. या घरातल्या, शेजारच्या घरातल्या, पलीकडच्या गल्लीतल्या. आणि प्रत्येकीच्या वळणावर त्याच्या खिडकीची पिवळी पानं बसलेली. त्याची बायको त्या अंधारात सगळीकडे हजर होती. त्याचा भाऊही. फक्त तोच इतकी वर्षं बाहेर उभा होता, हातात कागद पसरून.

"काय निघालं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

सूनही वर आली होती. दारात उभी राहून ती त्याच्याकडे बघत होती. त्याच्या हाताकडे नव्हे, चेहऱ्याकडे. सगळ्या घरात तोच एक माणूस होता जो आता बोलला असता तर तिचं ऐकलं गेलं असतं.

त्याची मूठ मिटली. ती त्याने मिटली नाही, ती मिटली. मूठ खिशात गेली आणि दुसऱ्या हाताने त्याने फरशीवरचे आखूड तुकडे गोळा केले.

"केस," तो म्हणाला.

"आणखी?"

"केसच."

मोठ्या बाईंनी सुनेकडे बघितलं आणि एक सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्यात सगळं आलं. सुनेचा हात आपोआप मानेवर गेला, जिथे आता काही नव्हतं. मग ती वळली आणि खाली उतरली. दाखवेने पाणी सोडून बघितलं. ते घळाघळा निघून गेलं.

घरी पोचेपर्यंत पँटचा खिसा मांडीपर्यंत भिजला होता. दुपारचं घर. बायको खिडकीशी बसून शिवत होती. तिच्या मांडीवर उशीचा जुना अभ्रा होता.

"इतक्या लवकर? चहा टाकू?"

तो तिच्यासमोर बसला आणि तिचे हात बघत राहिला. तिने बोळ्याची कड दुमडली, टाका घातला, दोरा दाताने तोडला आणि बोळा टोपलीत टाकला. दुसरा घेतला. याला तिने पट्टी लावली. तिसरा पुन्हा बिनपट्टीचा. टोपलीत दोन ढीग होते. केव्हापासून होते? तो रोज इथेच बसून चहा पीत आला होता.

भाऊ संध्याकाळी आला, शीळ घालत. हातातलं खोकं ठेवून म्हणाला, "वहिनी, पोटात कावळे ओरडतायत. दादा, तू मोठ्या बाईंकडे गेलास म्हणे? पायाची काय ही थट्टा लावलीस? मला आल्यावर जमलं असतं."

दाखवेने खिशातला बोळा काढून टेबलावर ठेवला.

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. धाकट्याने बोळ्याकडे बघितलं, मग वहिनीकडे, मग खुर्ची ओढून बसला. तो घाबरला नव्हता. अवघड गिऱ्हाइकासमोर बसावं तसा तो बसला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "दादा, आता डोकं शांत ठेवून ऐक."

"किती घरं?"

"ते सोड."

"किती?"

"मोजत कोण बसतं? ज्यांना परवडतं तीच. गरिबाच्या मोरीला मी हात नाही लावला. वहिनीची शपथ."

"तिची शपथ घेऊ नकोस."

"बरं, नाही घेत. पण मी खोटं एक अक्षर बोललो नाही, हे लक्षात घे. तू शिकवलंस तसंच केलं. जे निघालं ते दाखवलं. केस दाखवले, ते त्या बाईचेच होते ना? मी कुठून आणले नव्हते. त्यांना धरून ठेवायला आत काहीतरी लागतं, एवढंच."

"तिने केस कापले."

"ते तिच्या सासूला विचार. मी कात्री दिली नव्हती." मग तो पुढे वाकला आणि त्याचा आवाज मऊ झाला. लहानपणी काही हवं असलं की व्हायचा तसा. "दादा, तू चांगलं काम करायचास. इतकं चांगलं की पुन्हा तुला कोणी बोलवायचंच नाही. आपण कसे राहत होतो आठवतं? तुझा गुडघा, तुझी औषधं, हे छप्पर. तुझ्या नावावर लोक डोळे मिटून दार उघडतात. ते नाव नुसतं पाटीवर टांगून ठेवायचं होतं का?"

दाखवेला तेव्हा कळलं की चोरीला गेलं ते काय. बायको गेली नव्हती, भाऊ गेला नव्हता. दोघं समोर होती. पण ओल्या फरशीवर गुडघे टेकून ज्या एका गोष्टीसाठी त्याने आयुष्य घालवलं होतं, ती यांनी त्याच्या उशाखालून काढून किल्लीसारखी घरोघरी लावली होती.

तो बायकोकडे वळला. ती मघापासून सुई बोटांत धरून बसली होती.

"तू?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली.

"मला?"

"तुमच्या समोर तर शिवत होते." तिच्या आवाजात कांगावा नव्हता, खरंच नवल होतं. "टोपलीतले परत यायचे नाहीत, मी नवे शिवायचे. तुम्ही तिथे बसून चहा प्यायचात. शेपटाचं एवढं वेड असलेला माणूस, बिनशेपटाचा बोळा दिसूनही बोलत नाही, म्हणजे काय समजायचं मी? म्हटलं, यांना चालतंय, पण तोंडाने म्हणवत नाही. तुमचा मान राहावा म्हणून मीही कधी विषय काढला नाही."

धाकटा हलकेच म्हणाला, "मलाही तसंच वाटायचं, दादा. मोठ्या बाईंना तू जे सांगितलंस ना, आरशाचं, ते वहिनीने मला हसून हसून सांगितलं होतं. आम्ही म्हटलं, दादा आता आपल्यात आला."

आपल्यात. बाहेरच्या माणसाने थोबाडीत मारली तर तिचा आवाज तरी येतो. दाखवेने त्या दोघांकडे बघितलं. ते त्याची समजूत काढत नव्हते. त्यांनी त्याला इतकी वर्षं खरोखरच तसा माणूस समजून त्याच्यावर माया केली होती. त्याच्या पानात वाढलं होतं, त्याचा गुडघा चोळला होता. तो जो होता त्याला या घरात कोणी ओळखतच नव्हतं.

आणि आज सकाळी, त्या न्हाणीत, ते बरोबर ठरले होते.

तो उठला. टेबलावरचा बोळा त्याने उचलला.

"कुठे निघालास?" धाकटा खुर्चीवरून अर्धा उठला. "दादा, वेडेपणा करू नकोस. एका घरात बोललास की गावभर होईल. उद्यापासून कोणी दारात उभं करणार नाही. मला तर नाहीच, तुलाही नाही."

"अहो, निदान खाऊन तरी जा," बायको म्हणाली. आणि तिला नंतर वाटलं असावं की हे म्हणायला नको होतं, कारण ती एकदम रडायला लागली.

मोठ्या बाईंच्या घरात दिवे लागले होते. मुलगा कामावरून आलेला होता, बूट काढत होता. मोठ्या बाई आरामखुर्चीत. सून स्वयंपाकघराच्या दारात, हात ओले. दाखवेला बघून मोठ्या बाई म्हणाल्या, "काय हो, काही विसरलात का?"

त्याने बोळा त्यांच्यासमोरच्या बुटक्या टेबलावर ठेवला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"सकाळी तुमच्या मोरीतून हे निघालं. हे माझ्या घरच्या पडद्याचं कापड आहे. शिवलं माझ्या बायकोने. नळीत घातलं माझ्या भावाने, दर वेळी, म्हणजे मोरी पुन्हा तुंबावी. सूनबाईंनी काही टाकलं नाही. कधीच टाकलं नव्हतं."

मुलाच्या हातात एक बूट तसाच राहिला. तो आधी आईकडे बघू लागला, मग बायकोच्या मानेकडे, आणि मग कुठे बघावं ते त्याला कळेना.

मोठ्या बाईंनी चष्मा लावून बोळा निरखला. त्यांचा चेहरा काही क्षण उघडा पडला होता. तिथे एक म्हातारी, घाबरलेली बाई होती. मग तो पुन्हा जागेवर आला.

"म्हणजे तुम्ही दुकानात मला सांगितलंत, त्यावर विसंबून मी हिला बोलले," त्या सावकाश म्हणाल्या. "माझ्या मनात हिच्याबद्दल काही नव्हतं. तुमच्या शब्दावर बोलले."

"हो."

"मग दोष कोणाचा?"

"माझा," तो म्हणाला.

त्यांचा जीव भांड्यात पडला. ते सगळ्यांना दिसलं. त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि त्यांच्या आवाजात शाळा परत आली. "पण तरी मी म्हणेन, स्वतःच्या सख्ख्या भावाचं असं दुसऱ्याच्या घरात येऊन सांगायला छाती लागते. ऐकतोस ना रे? याला मनाचा मोठेपणा म्हणतात. सूनबाई, यांना पाणी दे."

सून पाणी आणायला गेली नाही. हात पुसत ती पुढे आली आणि टेबलाच्या पलीकडे उभी राहिली.

"सकाळी हे कुठे होतं?"

"खिशात," दाखवे म्हणाला.

"मी दारात होते तेव्हा?"

"तेव्हा मुठीत."

"तुम्ही ते ओळखलं होतंत?"

"हो."

तिने मान हलवली, जणू हिशोब जुळत होता. "तुमच्या भावाचं मला काही नाही, काका. त्याने मला धड बघितलंसुद्धा नसेल. तो लबाड आहे आणि लबाडासारखा वागला. यांचंही," तिने सासूकडे न बघता म्हटलं, "मला काही नवीन नाही. पण सकाळी तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं, आता सुटले. सगळे म्हणतात ना, ते आहे तेच दाखवतात. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. आणि बघत बघत म्हणालात, केस. वर पुन्हा म्हणालात, केसच."

"अगं, पण आता ते सांगायला आलेत ना आपणहून," मोठ्या बाई म्हणाल्या. "माणसाला एखादा दिवस कठीण जातो. ताणू नये इतकं."

"मी ताणत नाही, आई. मी फक्त विचारते." ती पुन्हा दाखवेकडे वळली. "समजा, मी सकाळी दारात नसते, तर तुम्ही संध्याकाळी आला असतात?"

दाखवेने तोंड उघडलं. असतो म्हणावं, तर ते खरं आहे की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. नसतो म्हणावं, तर तेही. त्याने स्वतःच्या आत हात घालून बघितलं, खूप खोलवर, आणि हाताला काहीच लागलं नाही.

मुलगा म्हणाला, "बसा हो मिस्तरी, बसा तरी." त्याच्या हातात अजून बूट होता.

दाखवेने टेबलावरच्या बोळ्याकडे एकदा बघितलं, तिच्याकडे बघितलं नाही, आणि तो दाराबाहेर पडला.